एका प्रकरणाला एक पेला

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शेंदूरजनाघाटची संत्र्याची बाग पोराच्या हवाली केली होती आणि आम्ही दोघं नवराबायको अमरावतीत, वलगाव रस्त्यावरच्या घरात राहायला आलो होतो. शहराची हौस म्हणून नाही. हिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर गेली, उरली ती सांभाळायची तर दर महिन्याला तपासून घ्या. म्हणून आलो. त्याच साली जूनमध्ये वरची खोली मी एका माणसाला भाड्यानं दिली. त्याच्यावर माझा पहिल्या दिवसापासून भरवसा नव्हता. आज हे लिहितानाही तो पुरता बसला आहे असं मी म्हणणार नाही.

माझं शिक्षण चौथी. पाचवीचं आणि माझं जमलं नाही, त्यात चूक पाचवीची होती. पण फुलावर आलेलं संत्र्याचं झाड पाहून त्याला किती फळ धरेल हे मी सांगत आलो आणि व्यापारी माझ्या शब्दावर बागा घेत आले. माणसाचंही तसंच. खालून वर एकदा पाहिला की मला कळतो. हा माणूस मला कळेना.

मूळचा अकोल्याचा. तिथल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत सगळी नोकरी झालेली. लग्न केलं नव्हतं. किडकिडीत अंग, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, चालताना दोन्ही हात पाठीमागे, कोणी बांधून ठेवल्यासारखे. अकोला सोडून इकडे काहून आले, विचारलं तर म्हणाले, "तिथं शेजारी टीव्ही मोठ्यानं लावत होते." आता टीव्हीसाठी कोणी गाव सोडतं का? मी ते ऐकून घेतलं आणि मनात ठेवलं.

सामान टेम्पोतून उतरलं तेव्हा मी जिन्यात उभा होतो. एक खाट, एक शेगडी, पुस्तकांचे डबे आणि एक लाकडी पेटी. पेटीत बाटल्या. लहान, मोठ्या, बुचाच्या, निळ्या काचेच्या, काही रिकाम्या, काहींच्या तळाशी काहीतरी वाळलेलं.

"दवाखाना होता का तुमचा?" मी विचारलं.

"नाही. लायब्ररी."

"मंग बाटल्या कायले?"

"पुस्तकांसाठी," म्हणाले, आणि पेटी स्वतः उचलून वर गेले. हमालाला हात लावू दिला नाही.

त्यांचं नाव भाड्याच्या कागदावर होतं, पण आमच्या घरात कोणी घेतलं नाही. 'वरचे' हेच नाव पडलं. वरच्यांचं दूध आलं, वरच्यांचा नळ गळते, वरचे आज खाली उतरले नाहीत. मीही इथं तेच लिहितो.

वरच्यांना "कसं काय?" विचारलं तर ते तब्येत सांगत नसत. पान सांगत. "दोनशे चौदा." दुसऱ्या दिवशी विचारलं तर "दोनशे एकावन्न." दूधवाल्याला आधी वाटलं, उधारीचा आकडा आहे. पुस्तक उघडण्याआधी नाकाशी धरून वास घेत. कोणी पुस्तक पालथं घालून ठेवलं तर ते उचलून, सरळ करून, त्या माणसाकडे असं पाहत, जणू त्यानं मूल पालथं पाडलं होतं. बोलणं पुस्तकातल्यासारखं, शुद्ध. राग आला की मात्र ते सगळं गळून पडे आणि खाली चोख वऱ्हाडी निघे.

पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "सध्या काय वाचताय?"

"मी मानसं वाचतो," मी म्हणालो.

"वा. कोणत्या प्रकरणावर आहात?"

"तुमच्याच."

"मग सावकाश वाचा. सुरुवात जरा कंटाळवाणी आहे."

हिला त्या दिवशी इतकं हसू आलं की तिनं पदर तोंडाला लावला. मला नाही आलं. प्रश्न विचारला की टोला परत करणारा माणूस काहीतरी झाकतो, असा माझा अनुभव आहे.

शनिवारची भानगड जुलैमध्ये सुरू झाली. दर शनिवारी दुपारी चार वाजता वर माणसं जाऊ लागली. कोपऱ्यावरचा शिंपी, समोरच्या गल्लीतल्या निवृत्त नर्सबाई, आणि तिसऱ्या शनिवारपासून आमची ही. वरचे त्यांना एक कादंबरी वाचून दाखवत. शंभर वर्षांहून जुनी, विटेएवढी जाड. नावाजलेली आहे म्हणतात. मी तिचं नाव लिहीत नाही. माझ्याकडून एखादी वेलांटी चुकेल आणि त्यांना बोलायला जागा होईल.

वाचून दाखवणं समजू शकतो. पण प्रत्येक प्रकरणाला एक पेला असे. त्या प्रकरणात जे घडतं त्याला साजेसं पेय वरचे सकाळपासून बनवत बसत. पातेली वाजत, कधी लसूण जळाल्याचा वास येई, कधी गुलाबाचा. लग्नाचं प्रकरण होतं तेव्हा वाळ्याचं सरबत, वर गोळी सोडा, म्हणजे पेल्यात वरात उसळली पाहिजे. दोन जावांचं भांडण होतं तेव्हा चिंच, गूळ आणि हिरवी मिरची. शिंप्याला ठसका लागला तर वरचे म्हणाले, "बरोबर. मोठ्या जावेलाही इथंच लागतो."

आणि नियम. आपल्या मनानं प्यायचं नाही. वाचता वाचता वरचे पेल्यावर चमचा वाजवत, टिंग. तेव्हा एक घोट. शेवटचा घोट शेवटच्या वाक्यापर्यंत राखायचा. कोणी आधीच संपवला तर पुस्तक बंद करत आणि त्या माणसाकडे बघत बसत, तो ओशाळून उठेपर्यंत. त्यांचं म्हणणं, कोरड्या घशानं वाचलेलं पुस्तक डोक्यात जातं, अंगात जात नाही.

हे सगळं मला शिंप्यानं सांगितलं. माप घेता घेता सहज म्हणाला, "काका, वरच्या सरायचं कॉकटेल एकदा पाहाच. एक नंबर."

माझा हात तसाच वर राहिला. कॉकटेल. हा शब्द मला लग्नाच्या हॉलमुळे माहीत होता. माझा धाकटा भाऊ दारूनं गेला. त्यानं काय काय विकलं आणि शेवटी त्याला कुठून उचलून आणला, ते लिहीत नाही. त्याला जाळून आलो त्या दिवशी मी अंगणात उभं राहून सांगितलं होतं की माझ्या घरात दारूचा थेंब येणार नाही. तीस वर्षं आला नव्हता. पोराच्या लग्नातही नाही. आणि आता माझ्याच घरात, माझ्याच डोक्यावर, माझी बायको दर शनिवारी कॉकटेल पीत होती.

हिला विचारलं. म्हणाली, "अवो, सरबत असते ते."

"वास घेतला का?"

"घेतला ना. गुलाबाचा."

"दारूवाले वास झाकतेतच गुलाबानं."

"तुमी वर या अन् पाहून घ्या. कोनं अडवलं तुमाले?"

गेलो. शनिवार नव्हता, मंगळवार होता. वरचे नुकतेच परतवाड्याहून आले होते आणि वर्तमानपत्रावर मोहाची वाळलेली फुलं पसरून बसले होते. मोहाची! मेळघाटच्या पायथ्याशी ज्यानं चार दिवस काढले त्याला मोहाचं काय होतं ते सांगावं लागत नाही.

"हे काय?"

"फुलं."

"दिसते मले. कायची?"

"पुढच्या प्रकरणात माणसं जंगलातून जातात. फुलं उकळून त्यात थोडं आलं घालणार. दारू नाही हो, फुलंच आहेत."

"आज फुलं, उद्या दारू."

"मग उद्याच्या आत पिऊन टाकू," वरचे म्हणाले आणि निवडत राहिले.

मी खोलीत नजर फिरवली. टेबलावर औषधाचा थेंब मोजायचा काचेचा ड्रॉपर. एक वही, तिच्यात प्रत्येक प्रकरणापुढे काय किती घातलं ते लिहिलेलं. एवढं मोजूनमापून जो माणूस दुसऱ्याच्या घशात काही घालतो, त्याचा हेतू काय? फुकटात का घालतो? हे कोणी त्याला विचारत नव्हतं. मी विचारलं. वरचे म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांना पुस्तकं दिली. ती घेऊन गेले, परत आणून दिली. मधे काय झालं ते मला कधी दिसलं नाही. आता समोर बसवून बघतो."

उत्तर चांगलं होतं. चांगल्या उत्तरांची मला भीती वाटते.

खरी गोष्ट सांगायची तर ही बदलली होती. ती सातवी शिकलेली. आमच्या लग्नानंतर घरात पुस्तक नव्हतं तर किराण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून वाचायची. नजर गेली तेव्हा स्वयंपाक अंदाजानं करायला शिकली, भांडं हातानं ओळखायला शिकली, त्याबद्दल कधी रडली नाही. वाचणं गेलं त्याबद्दल मात्र एक दिवस देवळात न जाता घरीच भिंतीकडे तोंड करून बसली होती. आता ती जेवताना मला पुस्तक सांगायची. त्यात एक बाई आहे. तिचा भाऊ लहानपणी घर सोडून गेलेला, आणि ती पुस्तकभर त्याची वाट पाहते. "येईन का वो तो?" ही मला विचारायची, जसं काही मी त्याला बसस्टँडवर पाहून आलो होतो.

"मले काय माहीत."

"मले वाटते, येईन. पन सर सांगत नाईत. शेवटपर्यंत पोचल्याशिवाय नाई म्हनते."

एका शनिवारी ही खाली आली तर डोळे सुजलेले. पुस्तकातल्या बाईचा बाप मेला होता. मी विचारलं, आज काय पाजलं? म्हणाली, "पानी. नव्या मडक्यातलं, अर्धा पेला. सर म्हनले आज काई नाई बनवलं, त्या घरी चूलच पेटली नाई." शिंपीही रडला म्हणे. साध्या पाण्यावर माणसं रडवणारा माणूस सरबतावर काय करील, हा विचार माझ्या डोक्यात आला. माझं डोकं तसंच आहे.

दिवाळीनंतर बागेतून आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात उतरणारी, संत्री आली. मी स्वतः एक पेटी वर नेऊन दिली. ही म्हणाली म्हणून. वरच्यांनी एक फळ हातात घेतलं, पुस्तकासारखाच वास घेतला आणि म्हणाले, "याला योग्य प्रकरण येऊ द्या."

ते प्रकरण दोन शनिवारांनी आलं. त्या दिवशी ही जिना उतरली ती एका हातानं कठडा धरून आणि दुसऱ्या हातात पेला घेऊन. पेल्यात दोन बोटं रस उरलेला. "शेवटचा घोट घेतला नाई," म्हणाली, पेला ओट्यावर ठेवला, जाऊन पडली. तोंड उतरलेलं. जेवायचं नाही म्हणाली.

मी पेला उचलला. रंग माझ्या संत्र्याचा. वास माझ्या संत्र्याचा. जिभेवर ठेवला आणि थुंकलो. कडू. कडुलिंबाचा पाला वाटून घातल्यासारखा कडू.

आमच्या बागेचं फळ मी पन्नास वर्षं खाल्लं. आंबट निघालेलं खाल्लं, पाणचट खाल्लं, कडू कधी नाही. म्हणजे त्यात काहीतरी मिसळलं होतं. एवढा साधा हिशोब. मी पेला घेऊन वर गेलो. शिंपी आणि नर्सबाई अजून बसलेले होते.

"याच्यात काय टाकलं?"

"काही नाही," वरचे म्हणाले. "तुमचंच संत्रं आहे."

"माह्या बागेचं संत्रं कडू निघत नाई."

"निघत नाही. होतं. एक वाजता बियांसकट पिळलं, चार वाजता दिलं. मधले तीन तास टाकले म्हणा हवं तर."

"ठेवल्यानं संत्रं कडू होते? आमचं फळ ट्रकमंधी चार चार दिवस बंगालपर्यंत जाते. तिथचे लोक काय कडू खातेत?"

"फळ नाही हो. रस. पिळल्यावर थांबला की कडू होतो."

"मले संत्रं शिकवता?"

"पिळून पाहा ना एकदा."

"मी माह्या फळाची परीक्षा घेत नाई. परीक्षा तुमची चालू हाय."

नर्सबाई म्हणाल्या, "भाऊ, आम्हीबी तेच प्यालो, आम्हाला काही झालं नाही." मी ऐकलं नाही, कारण तेवढ्यात मला फळीवर बाटल्यांच्या मागे एक चपटी बाटली दिसली. तसल्या बाटल्या मी भावाच्या गादीखालून काढल्या होत्या. लांबून ओळखतो.

"अन् हे?"

वरच्यांनी ती खाली काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "ब्रँडी आहे. माझ्या पेल्यात एक चमचा घालतो. दुसऱ्या कोणाच्या पेल्यात कधी घातली नाही."

"माह्या घरात?"

"सांगायला हवं होतं. चुकलं."

"आठ दिवसांत खोली खाली करा."

तेव्हा त्यांचं शुद्ध मराठी गळालं. उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागून पुढे आले. "करतो खाली! माह्यावर भरवसा नका ठेवू, बाटली फोडा, मले गेटाबाहीर काढा. पन त्या मायचे तीन प्रकरनं राह्यले हाय! तीन! ते तर पुरे होऊ द्या!"

"तिचं मी पाह्यतो," मी म्हणालो.

आठ दिवसही लागले नाहीत. दोन दिवसांत अकोल्याला परत न्यायला टेम्पो आला. लाकडी पेटी पुन्हा स्वतःच उतरवली. जाताना हिच्या पाया पडले, वयानं मोठे असून. मला म्हणाले, "चारशे सहा." कुठं थांबलो ते पान.

हिनं भांडण केलं नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. एवढंच म्हणाली, "तीन राह्यले होते." शिंपी दुकानातून तेच पुस्तक आणतो म्हणाला, मी वाचून दाखवतो म्हणाला. ही नको म्हणाली. "त्यायच्या तोंडून सुरू झालं ना बाप्पा. आता मधातच तुमचा आवाज आला तर मले तो भाऊ ओयखू येईन का?"

मी गल्लीत सांगत होतो की दारूवाला निघाला, वेळेवर काढला. लोक हो म्हणत होते. शनिवारी चारच्या सुमारास मला जिन्यावर पावलं ऐकू आली. हिला जिना चढायचा म्हणजे मी पायऱ्या मोजतो, न सांगता. अठरा झाल्या. मागोमाग गेलो. रिकाम्या खोलीत, भिंतीला टेकून, ही जमिनीवर बसली होती.

"काय करून राह्यली?"

"बसली."

"कायले?"

"चार वाजले."

पुढच्या शनिवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. एक तास बसायची आणि उतरायची. मला काही म्हणायची नाही. पोळ्या तशाच करायची, माझ्या धोतराला नीळ तशीच द्यायची. पुस्तक सांगणं मात्र बंद झालं होतं, आणि जेवताना माझ्या दातांचा आवाज मला ऐकू येऊ लागला होता.

डिसेंबरात सून आली, सासूला तपासायला न्यायचं म्हणून. येताना बागेची संत्री. दुपारी तिनं मिक्सरमध्ये फिरवून हिच्यासाठी पेलाभर रस केला. हिला झोप लागली, रस तसाच राहिला. संध्याकाळी मी तो उचलला आणि तोंडाला लावला.

कडू. तोच कडू.

"तू काय टाकलं याच्यात?" मी सुनेला विचारलं.

"काई नाई बाबा. बर्फबी नाई टाकला."

"मिक्सर धुतला होता का?"

"माह्या हातानं धुतला. काहून?"

त्या रात्री झोप लागली नाही, एवढं सांगतो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. बरोबर एक वाजता मी स्वयंपाकघरात बसलो. मिक्सरवर माझा भरवसा नव्हता. सुनेवर आहे, पण त्या दिवशी तिलाही बाहेर बसवलं. पेटीतलं चांगलं फळ मी स्वतः निवडलं, स्वतः सोललं, स्वच्छ फडक्यात बियांसकट पिळलं. एक घोट घेतला. साखर. तोच पेला समोर ठेवला, वर बशी झाकली, आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. कोणाला जवळ येऊ दिलं नाही. मांजर आली तर काठी दाखवली. दीड वाजता चमचाभर चाखला, गोड. दोन वाजता गोडच, पण मागे काहीतरी सरकलं. तीन वाजता जीभ आखडली. चार वाजता मी बशी काढली आणि घोट घेतला, आणि पन्नास वर्षं संत्र्यात घालवलेला माणूस आपल्या ओट्यासमोर मूर्खासारखा बसून राहिला.

आम्ही बागवाले रस काढत नाही. सोलतो आणि खातो. रस शहरातले लोक पितात, आणि तेही गाडीवर उभं राहून, लगेच. पिळून ठेवलेलं संत्रं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि ज्याला ते माहीत होतं त्याला मी घराबाहेर काढलं होतं.

ही दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"काय करून राह्यले?"

"काई नाई."

हात चाचपत आली, पेला सापडला, एक घोट घेतला. थुंकली नाही. म्हणाली, "हेच होतं. त्या प्रकरनात भावाची चिठ्ठी येते. वेयेवर येते. घरचं कोनी ती कोनाड्यात ठेवते अन् द्याची राहून जाते. कोनी वाईट करत नाई त्याच्यात. कोनी काई मिसळत नाई. चिठ्ठी ठेवून दिली, एवढंच." पेला खाली ठेवला. "मी शेवटचा घोट घेतला नाई, कारन मले वाटलं, नाई घेतला तर अजून वेय हाय."

मी उठलो आणि बाहेर जाऊन अकोल्याला फोन लावला. नंबर आणि तिथला पत्ता भाड्याच्या कागदावर होता.

"कोण?"

"मी. अमरावतीवरून."

"बोला."

"तो भाऊ येते का नाई येत, तेवढं सांगा. मी हिले सांगून देतो."

"शेवट फोनवर सांगत नसतात. वाचायचा असतो. आणि त्याला जे प्यायला लागतं ते फोनमधून पाठवता येत नाही."

"मंग कधी वाचता?"

"शनिवारी चार वाजता. तीन प्रकरणं, तीन शनिवार."

"उद्या शनिवार हाय."

"मले कॅलेंडर समजते," वरचे म्हणाले. शुद्ध मराठी गळालं होतं. "तुमी माफी मागून राह्यले का?"

"नाई. मी टाइम विचारून राह्यलो."

मी फोन कानाला लावून उभा. मग वरचे म्हणाले, "माउलींना सांभाळून आणा. इथं जिना नाही." आणि मग, "ती चपटी बाटली मी अजून ठेवतो. ते सांगून ठेवतो."

"मले वास येते," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या एसटीनं मी हिला घेऊन निघालो आणि दहाच्या आत अकोल्यात त्यांच्या दाराशी उभा राहिलो. वरच्यांनी दार उघडलं, हात पाठीमागे, इस्त्रीचा शर्ट. माझ्याकडे पाहून म्हणाले, "वाचन चारला आहे." मी म्हणालो, "मले माहीत हाय. मी बनवताना पाह्याले आलो." हिला आत खुर्चीवर बसवलं, चपला काढल्या, आणि एक स्टूल ओढून त्यांच्या ओट्यासमोर, हात पोचेल इतक्या जवळ, बसलो.